आठ झुरके

मी भूल देणारी डॉक्टर आहे. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे एक सुई टोचायची आणि ऑपरेशन संपेपर्यंत मोबाइल बघत बसायचं. घरच्यांनाही तसंच वाटतं, त्यामुळे बाहेरच्यांशी मी वाद घालत नाही. पण त्या सुईच्या आधीची जी दोन-तीन मिनिटं असतात, त्यांच्याबद्दल मला आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझी सगळी नोकरी त्या मिनिटांत आहे.

औषध शिरेत गेलं की माणूस झोपतो आणि त्याचा श्वासही थांबतो. मग मी त्याचं तोंड उघडून श्वासनलिकेत नळी घालते आणि यंत्राने श्वास सुरू करते. या मधल्या वेळात तो कशावर जगतो? आधी छातीत जे साठवून ठेवलं असेल त्यावर. एरवी आपल्या छातीत साधी हवा असते, आणि साध्या हवेत कामाचा वायू थोडा, बाकी सगळी भरती. म्हणून झोपवण्याआधी तोंडावर मास्क घट्ट धरून निव्वळ ऑक्सिजन द्यायचा. नळ जायच्या आधी आपण घरातली भांडी भरून ठेवतो, तसंच हे. भांडी भरलेली असली तर नळी घालताना एकदा चुकलं तरी निभावतं. रिकामी असली तर बघता बघता ओठ निळे पडतात.

भांडी भरायच्या पद्धती मात्र एकाहून जास्त आहेत. एक संथ: तीन मिनिटं नेहमीसारखा श्वास घेऊ द्यायचा. दुसरी घाईची: मिनिटभरात आठ खोल श्वास. चारच श्वासांवर भागवणारेही आहेत, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. कोणी डोक्याकडची बाजू उंच ठेवतो, कोणी नाकात बारीक नळी शेवटपर्यंत चालू ठेवतो. नागपूरला शिकत असताना तोंडी परीक्षेत मला नेमकी याच पद्धतींची तुलना विचारली होती. मी धडाधडा बोलले. माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं. परीक्षक चहा पीत ऐकत होते. शेवटी त्यांनी कप खाली ठेवून विचारलं, "आणि मास्क बसलाच नाही तर?" मी म्हणाले, "सर, चेहरा आहे तिथे मास्क बसतोच. हात घट्ट हवा." ते हसले आणि म्हणाले, जा.

मग माझी नेमणूक गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात झाली. मी बल्लारपूरची, कागद कारखान्याच्या वासात वाढलेली, त्यामुळे हा भाग मला परका नव्हता. पण गाव ओळखीचं असणं वेगळं आणि गावातली तोंडं ओळखीची असणं वेगळं. इथल्या माणसाच्या गालात सकाळपासून खर्रा असतो. वर्षानुवर्षं सुपारी आणि तंबाखू चघळून जबडा इतका आखडतो की काहींच्या तोंडात माझी दोन बोटंही शिरत नाहीत. म्हाताऱ्यांना दात नसतात, गाल आत गेलेले, मास्कच्या कडेने ऑक्सिजन फुसफुस बाहेर. त्या गालांत कापसाचे बोळे भरून मी मास्क बसवायला शिकले. दाढीवर पट्टी चिकटवायला शिकले. तीन मिनिटं मास्क धरून बसलेल्या बाईला धीर यावा म्हणून तिच्या म्हशीची चौकशी करायला शिकले. यातलं पुस्तकात काही नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या आवाक्याबाहेरची होती. महामारीच्या त्या दुसऱ्या उन्हाळ्यानंतर आमच्याकडच्या गावांमध्ये ऑक्सिजन या शब्दाचा अर्थच बदलला. "ऑक्सिजन लावला" म्हणजे माणूस गेला. जिवंत असतो तो थोडा वेळ, पण गेलाच. लोकांनी तसंच पाहिलं होतं, त्यांना दोष कसा द्यायचा? आणि मरणाऱ्या माणसाला इथे विचारतात, काय पाहिजे, काय खावंसं वाटतं. जे मागेल ते देतात. एकदा हर्नियात आतडं अडकलेला एक म्हातारा आला. पोट रिकामं ठेवायला मी दहादा बजावलं होतं. वॉर्डात सिस्टरने त्याला थोडा ऑक्सिजन लावला आणि ती औषध आणायला गेली. तेवढ्यात घरच्यांनी मास्क बाजूला करून त्याला जिलबी भरवली. सुनेने, मुलाने, नातीने, रांगेने एकेक तुकडा. मी पोचले तेव्हा म्हातारा पाकाने चिकट झालेल्या मिशा चाटत होता आणि घरचे भोवती रडत होते. मी इतकी ओरडले की बाहेरचा चहावाला डोकावून गेला. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं वर येऊन छातीत उतरतं आणि माणूस त्याने मरतो, हे मी त्यांना समजावलं. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मरूनच राह्यला होता जी. तोंड गोड केलं." तो म्हातारा वाचला. त्याने माझ्यावर मेहरबानीच केली म्हणायची.

हे सगळं सांगितलं ते पुढच्या गोष्टीसाठी. चैत्रातली सकाळ होती, मोहफुलांचे दिवस. या दिवसांत बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि झाडाखाली वाकून फुलं वेचतात. अस्वलालाही तीच फुलं आवडतात आणि त्याची वेळही तीच. दोघंही खाली मान घालून आपापल्या कामात, आणि मान वर होते तेव्हा मध्ये अंतर उरलेलं नसतं. वाघाने माणूस मारला की टीव्हीवाले येतात. अस्वलाला कोणी विचारत नाही. वाघ बहुतेक वेळा मारून मोकळा करतो. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं आणि चेहऱ्यावर येतं.

तिला जीपमधून आणलं. पन्नाशीची असेल, अंगाने काटकुळी, गावाकडची धानाची शेती करणारी. तिच्या नवऱ्याने तिचं डोकं आपल्या दुपट्ट्यात गुंडाळलं होतं आणि त्याखाली मूठमूठ हळद दाबली होती. दुपट्टा लाल आणि पिवळा झाला होता. ती आडवी व्हायला तयार नव्हती. स्ट्रेचरवर बसून पुढे वाकलेली, कोपरं गुडघ्यांवर, आणि तोंडातून रक्ताची धार खाली तगारीत. ती आडवी होत नव्हती हेच तिचं नशीब, कारण आडवी झाली असती तर सगळं रक्त घशात उतरलं असतं.

दुपट्टा मी काढला. मी खूप चेहरे पाहिलेत, पण त्या दिवशी मला दोन पावलं मागे सरकावं लागलं. नाक अर्धं उरलेलं. उजवा गाल कानापासून लोंबत होता. त्या बाजूचा डोळा नव्हता, दुसरा सुजून बंद. ओठ मात्र डाव्या कडेने बऱ्यापैकी शाबूत होते आणि आत दात जागच्या जागी होते. मानेवरही पंजा बसला होता आणि गळा सुजत चालला होता. ती शुद्धीवर होती. कण्हतही नव्हती. नुसती मोजल्यासारखे श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर आत घरघर वाजत होती.

आमच्या सर्जनने माझ्याकडे पाहिलं. तो भला माणूस आहे, वाईट बातमी कधी मोठ्याने बोलत नाही. नागपूरला पाठवायचं तर रस्ता काही तासांचा, आणि ती सूज बघता वाटेतलं वडसा ओलांडेपर्यंत श्वासाची वाट बंद झाली असती. नळी इथेच घालायला हवी होती, आता, आणि एका फटक्यात. "नळी गेली नाही तर गळ्याला भोक पाडायला मी मानेशी सुरी घेऊन उभा राहतो," तो हळूच म्हणाला, "पण त्या सुजेत वाट सापडेल याची खात्री मी देत नाही." म्हणजे सगळं माझ्यावर. ती झोपल्यापासून नळी आत जाईपर्यंत तिच्या छातीत जे असेल तेवढंच तिचं. मला भीती वाटली.

नवऱ्याला मी आतच ठेवलं, कारण तिला कोणीतरी मागून धरून बसवायला हवं होतं. टेबलावर तिच्या पाठीमागे तो बसला, तिच्या काखेतून हात घालून. मी सवयीने माझे प्रश्न विचारले. काय खाल्लं? "फक्त चाय जी, पाहाटी." बीपी, शुगर? "काई नाई." खर्रा, तंबाखू, बिडी? तेवढ्या गडबडीतही तो जरा ताठ झाला. "नाई जी. आमच्या घरच्या बाया बिडी नाई ओढत."

मी मास्क लावून पाहिला. बसेल कुठे? मास्कला टेकायला नाकाचं हाड लागतं, दोन गाल लागतात. तो रक्तावरून घसरत होता आणि कडेने रक्ताचे बुडबुडे येत होते. सिस्टर एका बाजूने ओला गॉज दाबत होती, मी दुसऱ्या बाजूने. तिला दुखलं असणार, कारण पहिल्यांदाच ती ओरडली, आणि मास्कमध्ये रक्त साचलं. तो काढून मी टाकून दिला. तीन मिनिटं की आठ श्वास, हा प्रश्नच उरला नव्हता. त्या कप खाली ठेवणाऱ्या परीक्षकांची मला आठवण आली आणि मी मनातल्या मनात त्यांना एक शिवी दिली. त्यांचा काही दोष नव्हता.

मास्क काढला की यंत्राच्या नळीचं नुसतं टोक उरतं, अंगठ्याएवढं जाड. तेच तिच्या ओठांत डावीकडून द्यायचं आणि उजवा गाल सिस्टरने गॉजने दाबून धरायचा, असं ठरवलं. नाक तर आम्ही रक्त थांबवायला गॉजने गच्च भरलंच होतं. ओठांनी टोक आवळून धरलं आणि तोंडाने श्वास घेतला, तर मास्कची गरजच नाही. फक्त तिला ते कळायला हवं होतं. दिसत तिला नव्हतं. सिस्टर तिच्या भाषेत म्हणाली, "बाई, चुलीपाशी फुकणी धरता ना? तशीच धरा तोंडात. घट्ट."

तिने लगेच धरली. अशी नीट धरली की मला हायसं वाटलं. आता खोल श्वास, मी म्हणाले, जोरात. आणि यंत्राची रबरी पिशवी टम्म फुगली.

पिशवी श्वास आत घेताना आक्रसायला हवी आणि सोडताना फुगायला हवी. ती फुगत होती आणि फुगूनच राहत होती. मी वाकून पाहिलं. बाई गाल होते नव्हते तेवढे फुगवून नळीत फुंकत होती. मग तोंड नळीपासून काढायची, मान बाजूला वळवून खोलीतली हवा आत घ्यायची, परत नळी ओठांत, परत फुंकर. बरोबरच होतं तिचं. फुंकणीतून श्वास आत ओढला तर राख घशात जाते. आयुष्यभर पहाटे चूल पेटवणारी बाई ते कशाला करेल? आमचा सगळा ऑक्सिजन नळीत पडून होता आणि ती त्यात प्रामाणिकपणे फुंकर घालत होती.

"आत घ्या बाई, आत! ओढा!" मी ओरडले. ती आणखी जोरात फुंकायला लागली. चुलीपाशी कोणी ओरडलं की फुंकर वाढवायची असते. सिस्टर ओरडली. नवरा ओरडला, "फुक, फुक, जोरानं!" त्यालाही वाटलं, हीच कमी पडते आहे. बोटाला लावलेल्या चिमट्याचा ऑक्सिजनचा आकडा खाली सरकत होता आणि त्याबरोबर मशीनचा आवाज जाडा होत चालला होता. गळा आणखी सुजला होता. सर्जनने सुरी हातात घेतली. आता ही माझ्यासमोर जाणार, चूल फुंकता फुंकता, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात रक्ताने चिमटा बोटावरून निसटला. तो परत लावायला मी तिचा हात पुसला. पहिल्या दोन बोटांच्या मधोमध एक डाग होता. मला वाटलं हळद. पुसली तर जाईना. हळदीपेक्षा काळपट, जुन्या सागाच्या रंगाचा. असा डाग माझ्या आत्याच्या बोटांना होता. आत्या गोठ्यामागे जाऊन बिडी ओढायची आणि घरात कोणाला माहीत नाही असं तिला वाटायचं.

मी तिच्या कानाशी वाकले. ओरडणं बंद केलं. शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं, "बाई, तुमी बिडी ओढता का? खरं सांगा. आता कोणी रागवत नाई."

तिची फुंकर थांबली. नवरा मागून बोलायला लागला, "नाई जी, मी सांगतलं नं, आमच्या घरी..." त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिने हात उचलला आणि ती दोन बोटं ओठांपाशी नेली. काही क्षण तशीच धरली. कबुली होती ती, अगदी सरळ.

नवऱ्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले. मला त्याचा असा संताप आला की काय सांगू. बायकोचा प्राण कंठाशी आलाय आणि ह्याला घरच्या अब्रूचं रडू येतंय. पण त्याला झापायला वेळ नव्हता. मी नळी तिच्या ओठांत दिली.

"मग ही बिडीच समजा. सावकाश ओढा. जीव भरून ओढा."

तिने ओढली. पिशवी आक्रसली, पार चपटी झाली. बिडी ओढणारा माणूस धूर आत धरून ठेवतो, तसा तिने श्वास धरला. मग हळूच सोडला आणि परत ओढला. मी मोजत होते. भूल देताना मी इतक्या लोकांना म्हटलंय की खोल श्वास घ्या, आणि लोक घेतात ते शाळेच्या कवायतीतले श्वास, खांदे उचलून, आत काही न जाणारे. हिच्या एकेका झुरक्याला तळापर्यंत छाती भरत होती. घाई नाही, भीती नाही. तिच्या अंगातला ताठपणाही उतरला होता. आकडा आधी थांबला, मग वर चढायला लागला. आठव्या झुरक्याला मशीनचा आवाज बारीक, स्वच्छ झाला. मी औषध दिलं.

पुढचं झटपट झालं. तिला आडवं केलं, रक्त ओढून घेतलं, तरी आत सगळं लालच लाल, वाट कुठली ते कळेना. सिस्टरला म्हटलं छाती दाब, आतली हवा बाहेर येऊन वाट दाखवेल. त्या लालीत एका जागी बुडबुडा आला. मी त्या बुडबुड्यावर नळी घातली. ती आत गेली. तोवर आकडा जागचा हलला नव्हता. सर्जनने सुरी ट्रेमध्ये ठेवली, तिचा आवाज झाला, आणि मी स्टूलवर बसले.

जमेल तेवढं टाके घालून आणि रक्त थांबवून तिला नळीसकट नागपूरला पाठवलं. उरलेल्या डोळ्याचं तिथे बघतील, असं सर्जन म्हणाला. माझ्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली. मी ती पुष्कळ ठिकाणी सांगितली. फुंकणीने मारलं होतं, बिडीने वाचवलं, असं म्हटलं की चहाच्या टेबलावर सगळे हसायचे. नवऱ्याचं तोंड फिरवणं मी नक्कल करून दाखवायचे. बिडीने माणूस वाचल्याचं हे एकच उदाहरण, असं म्हणायचे आणि परत हशा व्हायचा.

ती परत आली ते थंडीत. गावात नाटकांचे दिवस सुरू झाले होते, रिक्षावरचा भोंगा दिवसभर रात्रीच्या खेळाची जाहिरात करत फिरत होता. कपाळावरची एक जखम भरत नव्हती, तिच्या ड्रेसिंगसाठी आली होती. नवऱ्याने हाताला धरून आणलं. चेहरा शिवून, कातडी लावून उभा केला होता. नाकाच्या जागी दोन भोकं. दोन्ही डोळे गेलेले. पदर नाकाखालपर्यंत ओढून ती बाकावर बसली होती. मी शेजारून सिस्टरला काहीतरी सांगत गेले आणि तिने मान वर केली.

"तुमीच का जी ते बिडीवाल्या बाई?"

तिचे ओठ नीट मिटत नव्हते, शब्द थोडे सांडत होते, पण कळत होते. मी तिच्यापाशी बसले. आवाज ओळखलात, मी म्हणाले.

"कान तं आहेत जी अजून." मग म्हणाली, "त्या दिवशी मले बिडी ओढू देल्ली, बरं केलं तुमी. धूर नाई आला तिचा. मी म्हटलं, सरकारी दवाखान्याची बिडी अशीच असन."

मी हसले. ती हसली नाही. नवराही नाही.

"मले समजलंच होतं," ती म्हणाली. "ते ऑक्सिजन लावाले लागले, तवाच समजलं का आता काई खरं नाई. मंग तुमी कानापाशी आल्या. इचारलं, बिडी ओढता का, खरं सांगा, आता कोणी रागवत नाई. माया सासऱ्याले बी मरतानी असंच इचारलं होतं, तंबाखू पायजे का म्हणून. मी म्हटलं, चला, आली आपली बी पाळी. मरतानी खोटं कायले बोलाचं? सांगून टाकलं."

नवरा जमिनीकडे बघत होता. "मले बी तसंच वाटलं जी," तो म्हणाला. "एवढी वर्सं झाली, मले मालूम नव्हतं. आता शेवटची ओढून राह्यली तं ओढू दे, म्हटलं. म्हणून काई बोललो नाई मी."

त्याचे हलणारे खांदे मला आठवले. ती नक्कल मी किती जणांना दाखवली होती.

"शेवटचीच म्हणून ओढली जी," ती म्हणाली. "नाई तं एवढा दम मी कुठून आणतो?"

 काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, मग पुढे?

"पुढं काय. शुद्ध आली तं अंधार. हात बांधून. बोलाले जातो तं आवाज नाई." तिथे तिच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती आणि ती उपसू नये म्हणून हात बांधले होते. अतिदक्षता विभागात घरच्यांना सोडत नाहीत. "कोणाचा ओळखीचा आवाज नाई. कुठी तरी टूं टूं वाजून राह्यलं. मी म्हटलं, झालं, मेली. मेल्यावर असंच असते वाटते. मी तं लय दिवस मेलेलीच होती जी. कोणी सांगतलंच नाई."

हे ती बाजाराला जाऊन आल्यासारखं सांगत होती. मला रडू आलं. मी ते आवरलंही नाही, तिला कुठे दिसणार होतं.

"मंग एक दिवस यायले आत सोडलं," तिने नवऱ्याकडे बोट केलं, जरा चुकीच्या दिशेला. "यायनं हात धरला. खर्र्याचा वास आला. मी म्हटलं, अरे देवा, हे बी मेले का? आता घरी कोण आहे? मी रडली. मंग हे म्हणाले, गाय जनली, गोऱ्हा झाला. तवा मले समजलं का मी जित्ती आहो. मेल्यावर गाय कायले जनन?"

ड्रेसिंग झालं. नवऱ्याने तिला उठवलं. मला निदान बिडी सोडा असं म्हणायला हवं होतं, भूल देणाऱ्या डॉक्टरचं ते कामच आहे. मी म्हटलं नाही. फाटकाबाहेर तो थांबला, खिशातून बिडी काढून स्वतःच्या ओठांत पेटवली आणि तिच्या ओठांच्या डाव्या कडेला लावली. तिने लहानसा झुरका घेतला, रोजच्यासारखा.

आता भुलीतून कोणी उठायला लागलं की मी त्याच्या कानाशी वाकून सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते, "तुम्ही जिवंत आहात." ऑपरेशन नीट झालं, दुखेल का, पाणी कधी प्यायचं, हे सगळं त्यानंतर. अपेंडिक्सवाली पोरं माझ्याकडे वेड्यासारखी बघतात. सिस्टरही आधी हसायची. बघू देत आणि हसू देत.